फ्रेझरची रात्र

8 मार्च 1971 च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने मुहम्मद अलीला हरवलं. हे वाक्य इतकं सरळ लिहिलेलं मला फारसं कुठे सापडत नाही. 'अलीचा पहिला पराभव' असं सापडतं. साडेतीन वर्षं रिंगबाहेर राहिल्यामुळे अलीचे पाय पहिल्यासारखे राहिले नव्हते, हेही सापडतं. पुढे अली पुन्हा कसा उभा राहिला, किन्शासात त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या जॉर्ज फोरमनला कसं लोळवलं, याची तर पारायणं झालेली आहेत. यात खोटं काहीच नाही. फक्त ज्याने पंधरा राउंड अलीच्या छातीला डोकं भिडवून त्याला बदडलं, तो माणूस या सगळ्यात निमित्तमात्र होऊन बसतो.

मीही अलीच्याच घरात वाढलो. माझ्या काकांना जॅब (सरळ, झटकन मारलेला ठोसा) आणि हुक (कोपर वाकवून बाजूने आणलेला ठोसा) यांतला फरक सांगता आला नसता, पण व्हिएतनामच्या युद्धाला नकार देणारा, अमेरिकी सरकारला तोंडावर 'नाही' म्हणणारा अली त्यांना मुखोद्गत होता. फ्रेझर त्यांच्या लेखी 'तो दुसरा'. खलनायकसुद्धा नव्हे, कारण खलनायकाचं निदान नाव लक्षात राहतं. पुढे इंटरनेटवर ही लढत सलग बघायला मिळाली, ती मी लावली अलीसाठीच. तिसऱ्या-चौथ्या राउंडला डोळे आपोआप फ्रेझरच्या हिरव्या-सोनेरी चड्डीच्या मागे जायला लागले आणि मग तिथून हलले नाहीत. आज कोणी विचारलं की विजेतेपदाच्या लढतीत एखाद्या हेवीवेटने, म्हणजे सर्वांत जड वजनगटातल्या बॉक्सरने, केलेली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, तर मी हीच सांगतो. 1938 मध्ये जो लुईने श्मेलिंगला दोन-सव्वादोन मिनिटांत संपवलं, ते अचाट होतं, पण तिथे लुईला एकही प्रश्न विचारला गेला नाही. फ्रेझरला त्या रात्री पंचेचाळीस मिनिटं प्रश्न विचारले जात होते, आणि विचारणारा अली होता.

पार्श्वभूमी थोडक्यात. एप्रिल 1967 मध्ये ह्यूस्टनला अलीने सैन्यभरतीला नकार दिला. त्याचं जगज्जेतेपद गेलं, परवाना गेला, तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि अपील चालू राहिलं. रिकाम्या गादीचे तुकडे झाले. मार्च 1968 मध्ये फ्रेझरने बस्टर मॅथिसला हरवून न्यूयॉर्कपुरता किताब मिळवला आणि फेब्रुवारी 1970 मध्ये जिमी एलिसला हरवून दुसरा तुकडाही जोडून घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अली अटलांटात परतला. क्वारीला हरवलं, डिसेंबरमध्ये बोनावेनाला पंधराव्या राउंडमध्ये आडवं केलं. फ्रेझरच्या नावावर 26 लढती आणि 26 विजय, अलीच्या नावावर 31 पैकी 31. हेवीवेटचे दोन अपराजित जगज्जेते समोरासमोर येण्याची ही पहिलीच वेळ. दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलर. त्या काळात हा आकडा ऐकून लोक पुन्हा विचारत असणार.

आता यातला दुखरा भाग. अली बंदीत असताना फ्रेझरने त्याला पैशांची मदत केली होती आणि त्याला परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला होता. दोघं एका गाडीतून फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला गेल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. आणि लढत ठरल्यावर अलीने याच माणसाला 'अंकल टॉम' म्हटलं. गोऱ्यांचा हुजऱ्या, कुरूप, अडाणी, जगज्जेता म्हणून न शोभणारा. तिकिटं खपवायला अली कोणालाही काहीही बोलायचा, हे मान्य. पण फ्रेझरच्या मुलांना शाळेत त्यावरून टोमणे ऐकावे लागले, घरी धमक्या आल्या. आणि हे कोणाला? फ्रेझर साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टचा. गरीब शेतकऱ्याच्या मोठ्या खटल्यातला, पंधराव्या वर्षी बस पकडून उत्तरेला गेलेला, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबलेला. अली त्या मानाने शहरी, खाऊन-पिऊन सुखी घरातला. फ्रेझरमागे गोऱ्या गुंतवणूकदारांची कंपनी होती म्हणावं, तर अलीची सुरुवातही लुइव्हिलच्या गोऱ्या धनिकांच्या पैशावरच झाली होती.

तरी देशाने आपली भांडणं या दोघांवर वाटून टाकली. युद्धविरोधी, तरुण, बंडखोर अलीकडे, आणि अलीचं तोंड एकदाचं बंद व्हावं असं वाटणारे सगळे फ्रेझरकडे. फ्रेझरने त्यांना बोलावलं नव्हतं. राजकारणाच्या बाजूने बघितलं तर मी आजही अलीचाच आहे. युद्धाबद्दल तो बरोबर होता, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा एकमताने रद्दही केली. पण रिंगमध्ये काय झालं याचा निकाल त्यावरून लागत नाही, आणि अर्धशतकभर तो बहुतेकांनी त्यावरूनच लावला.

या लढतीचं मूळ कोडं अंतराचं आहे. अली सव्वासहा फूट, फ्रेझर सहाला किंचित कमी. अलीचा हात लांब, आणि त्याचा डावा जॅब हेवीवेटमध्ये तोवर कोणी पाहिला नव्हता इतका जलद. म्हणजे दोघांच्या मधे एक पट्टा असा, जिथे अली फ्रेझरला मारू शकतो आणि फ्रेझर अलीला मारू शकत नाही. फ्रेझरला प्रत्येक वेळी तो पट्टा ओलांडूनच आत यावं लागणार. एकदा नव्हे, पंधरा राउंड, शेकडो वेळा. अलीपुढचे बहुतेक बॉक्सर त्या पट्ट्याच्या कडेला थांबून विचार करायचे आणि तिथेच मार खायचे.

फ्रेझर थांबत नाही. गुडघ्यांत वाकून, डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं सतत डोलवत, कोपरं अंगाला चिकटवून तो चालत येतो. कोल्हापूरकडे कुस्ती बघितलेल्याला हे लगेच कळेल: उंचापुऱ्या मल्लापुढे बुटका मल्ल जसा पट काढायला खालून घुसतो, तसा. यातली गंमत अशी की हे डोलणं नुसतं बचावाचं नसतं. डावीकडे झुकलं की अंगाचं वजन डाव्या पायावर येतं, आणि तिथून उठताना डावा हुक आपसूक सुटतो. चुकवणं आणि मारणं ही एकच हालचाल होते. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, हा वेडा नुसता पुढे पुढे जातोय. आवाज बंद करून, फक्त फ्रेझरच्या डोक्याकडे बघत एखादा राउंड पाहावा. अलीचे किती ठोसे कानाला चाटून मोकळ्या हवेत जातात, ते दिसतं. लागणारेही पुष्कळ असतात, हेही दिसतं.

त्या डाव्या हाताची कथा तर रचल्यासारखी वाटते. लहानपणी घरच्या डुकराला डिवचून पळताना फ्रेझर पडला आणि डावा हात मोडला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात आपला आपण जुळला, पण पुरता सरळ कधीच होईना, कोपरात कायम थोडा वाकलेला. म्हणजे हुकच्या तयारीतच. शिवाय वडिलांचा, रूबिन फ्रेझरचा, डावा हात गोळीबारात निकामी झाला होता. त्यामुळे शेतात-घरात दुसरा हात लागला की पोरगा पुढे व्हायचा. बापाचा डावा हात म्हणून वाढलेला मुलगा पुढे जगातल्या सर्वांत भयंकर डाव्या हाताचा धनी झाला. कथालेखकाने असं लिहिलं तर संपादक ते कापून टाकेल. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो गेला तोही राखीव म्हणून, मॅथिस जखमी झाल्यामुळे. उपांत्य फेरीत डाव्या हाताचा अंगठा मोडला. कोणाला न सांगता अंतिम लढत खेळला आणि सुवर्ण घेऊन आला.

योजना एडी फचची. मुख्य प्रशिक्षक यँक ड्युरहॅम होते, पण अलीच्या खेळातला दोष शोधून ठेवला होता फच यांनी. अली उजव्या हाताने अपरकट (खालून वर हनुवटीकडे नेलेला ठोसा) मारताना तो हात आधी खाली सोडतो आणि स्वतः ताठ उभा राहतो. तेवढ्या क्षणापुरता त्याचा उजवा गाल उघडा पडतो. मग करायचं काय? फ्रेझरने इतकं खाली राहायचं की अलीला सरळ ठोशांऐवजी अपरकट मारावासा वाटला पाहिजे. आणि तो हात खाली गेला की डावा हुक सोडायचा. तोवर बरगड्या आणि पोट झोडत राहायचं, म्हणजे पाय जड होतात. अलीने अपरकट मारावा म्हणून त्याला भरीला घालायचं, आणि त्यासाठी आपलं तोंड समोर ठेवायचं! कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात ती किंमत मोजायला तयार असा माणूस मिळायला लागतो.

गर्दीबद्दल फार लिहीत नाही. वीस हजारांवर माणसं, फ्रँक सिनात्रा 'लाइफ' मासिकासाठी रिंगच्या कडेने फोटो काढतोय, बर्ट लँकेस्टर समालोचनाला, लोकांच्या अंगावर फरचे कोट. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्याच रात्री फिलाडेल्फियाजवळच्या मीडिया नावाच्या गावात काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी एफबीआयचं छोटं कार्यालय फोडलं आणि फायली पळवल्या. सरकार आपल्याच नागरिकांवर कशी पाळत ठेवतं, ते त्या फायलींमुळे जगापुढे आलं. रात्र मुद्दाम हीच निवडली होती, कारण सगळे लढतीत गुंतलेले असणार. म्हणजे अलीच्या बाजूच्या लोकांनाही फ्रेझरचा असा उपयोग झाला.

पहिले दोन राउंड अलीचे. तो नाचत नाही, तळपाय टेकवून उभा राहतो, लवकर संपवायचं ठरवून आल्यासारखा. जॅब, उजवा, पुन्हा जॅब. फ्रेझरचं तोंड मागे झटकलं जातं आणि तो हसतो. तिसऱ्यात हुक पोहोचायला लागतात. अली प्रेक्षकांकडे बघून मान हलवतो, 'काही लागलं नाही'. बॉक्सिंग थोडंफार पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असतं, लागलं नसतं तर ही मान हलली नसती.

माझा आवडता राउंड सहावा. अलीने भाकीत केलं होतं की सहाव्यात फ्रेझर पडेल. आणि सहाव्यात अली दोरांना टेकून उभा आहे, फ्रेझर त्याच्या पोटात ठोसे घालतोय. अली डाव्या हाताने फ्रेझरचं डोकं दाबून ठेवतो, हलक्या टपल्या मारतो, लहान मुलाशी खेळल्यासारखं करतो. हे नाटक गुणांकन करणाऱ्यांसाठी, प्रेक्षकांसाठी आणि फ्रेझरच्या मनासाठी. तिसरा हिशेब चुकला. फ्रेझर हात खाली सोडून त्याच्यावर उलटा हसतो, मग पुन्हा वाकतो आणि कामाला लागतो. 'काम' म्हणावं असंच ते दिसतं. त्यात आविर्भाव नाही, आपण कसे दिसतोय याची फिकीर नाही. बॉक्सिंगमध्ये पोटावरचे ठोसे टीव्हीवर दिसत नाहीत, टाळ्या घेत नाहीत, आणि त्यांचा परिणाम पाच-सहा राउंड उलटल्यावर कळतो. फ्रेझरने सहाव्यात पेरलं ते अकराव्यात उगवलं.

अकरावा. सुरुवातीलाच अली ओल्या कॅनव्हासवर घसरतो. रेफ्री आर्थर मर्कान्टे ते पडणं धरत नाहीत. राउंड सरत आला असताना अली कोपऱ्याजवळ दोरांना टेकलाय, आणि फ्रेझरचा डावा हुक थेट जबड्यावर. अलीचे गुडघे वाकतात. पाय त्याचे असूनही त्याचे राहत नाहीत. आणि इथे अली जे करतो ते अभिनयाच्या शाळेत शिकवावं. तो झोकांड्या मुद्दाम वाढवतो, विदूषकासारखा डुलतो, म्हणजे बघणाऱ्याला कळू नये की खरं किती आणि सोंग किती. फ्रेझर क्षणभर फसतो. सापळा असेल या शंकेने सावकाश पावलं टाकत जातो आणि ते काही सेकंद अलीला वाचवतात. दुसऱ्या कोणी पळत जाऊन काम संपवलं असतं, असं म्हणतात. शक्य आहे. पण समोर अली असताना शंका न येणारा बॉक्सर अकराव्या राउंडपर्यंत टिकलाच नसता.

बारावा, तेरावा फ्रेझरचे. चौदाव्यात अली कुठून तरी दम आणतो आणि राउंड घेतो. तोपर्यंत फ्रेझरचा चेहरा चेहरा राहिलेला नाही, डोळ्यांभोवती गाठी, ओठ सुजलेले. अलीच्या उजव्या जबड्यावर नारिंगाएवढी सूज. हे दोघं पंधराव्यासाठी उठतात तेव्हा आपण घरी बसून थकलेलो असतो.

पंधरावा सुरू होऊन अर्धं मिनिटही झालेलं नाही. अलीचा उजवा हात खाली जातो. अपरकट. फच यांनी सांगितलेला, नेमका तोच. फ्रेझर पाठीमागून, जवळजवळ जमिनीपासून आणलेला हुक सोडतो आणि तो त्या उघड्या गालावर बसतो. अली पाठीवर पडतो. त्याच्या बुटांचे लाल गोंडे हवेत उडतात. मला दरवेळी अचंबा वाटतो तो ठोशाच्या ताकदीपेक्षा त्याच्या वेळेचा. बेचाळीस मिनिटं मार खाल्लेला माणूस, एक डोळा जवळपास मिटलेला, आणि शिकवलेली एक खूण ओळखायला त्याला पापणी लवण्याइतकाही उशीर होत नाही.

आणि अली उठतो. रेफ्री चारपर्यंत मोजतो तोवर. तो ठोसा खाऊन कोणी उठणं शक्य नव्हतं, आणि तो उठून राउंड संपेपर्यंत उभाही राहतो. फ्रेझरचं मोठेपण मोजायचं तर याच क्षणी मोजावं: असल्या माणसाला त्याने हरवलं होतं. निकाल एकमुखी. मर्कान्टे यांच्या कार्डावर फ्रेझर आठ राउंड, अली सहा, एक बरोबरी. पंच आर्टी आयडाला यांच्याकडे नऊ-सहा, बिल रेक्ट यांच्याकडे अकरा-चार.

नंतरचं भराभर सांगतो. अलीला जबड्याच्या एक्स-रेसाठी रुग्णालयात नेलं, तो त्याच रात्री बाहेर आला. जिंकलेला फ्रेझर मात्र काही दिवसांत फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात दाखल झाला आणि बराच काळ तिथे राहिला. रक्तदाब चढलेला, शरीर कोलमडलेलं. एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळापुढे त्याचं भाषण झालं. ज्या राज्यातून तो पोरवयात निघून गेला होता, तिथे. ज्याला अली गोऱ्यांचा माणूस म्हणत होता, त्याचं हे स्वागत अलीला कसं वाटलं असेल, कोण जाणे. मग 22 जानेवारी 1973 ला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने त्याला दोन राउंडांत सहा वेळा पाडलं. लोक म्हणतात फोरमनची ताकदच तशी होती. होतीच. पण मला किंग्स्टनचा फ्रेझर गार्डनमधल्या फ्रेझरचा धाकटा, फिका भाऊ वाटतो. डोलणं कमी झालंय, डोकं मधेच स्थिर राहतंय. त्या एका रात्री त्याने जे खर्च केलं ते परत भरून आलं नाही, असं माझं मत आहे. 1975 मध्ये मनिलात चौदाव्या राउंडनंतर, डोळे पूर्ण मिटलेल्या फ्रेझरला फच यांनी उठू दिलं नाही. ती लढत अलीची.

फ्रेझरने अलीला लवकर माफ केलं नाही. 1996 मध्ये अटलांटात थरथरत्या हातांनी अलीने ऑलिम्पिकची ज्योत पेटवली तेव्हा सारं जग गहिवरलं आणि फ्रेझर कडवट बोलला. त्याबद्दल त्याला नावं ठेवली गेली. मी ठेवत नाही. नम्रता, क्षमा, हसून विसरणं हे सगळं हरलेल्याकडून आणि दुय्यम ठरवलेल्याकडूनच मागायची जगाची सवय आहे. इथे तर तो जिंकलेला होता. फिलाडेल्फियाने आधी 'रॉकी' चित्रपटातल्या काल्पनिक बॉक्सरचा पुतळा मिरवला, ज्याला कत्तलखान्यातल्या मांसावर ठोसे मारायची कल्पना फ्रेझरच्याच आयुष्यातून मिळाली होती. खऱ्या फ्रेझरचा पुतळा 2015 मध्ये उभा राहिला, तो वारल्यावर चार वर्षांनी.

अली त्या रात्री अर्धाच होता, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायचा तर मी त्यांना नववा राउंड बघायला सांगतो. सहाव्यापासून दोरांवर मार खाणारा अली नवव्यात रिंगच्या मध्यावर येतो, आणि सलग, स्वच्छ, एकामागून एक ठोसे लावतो. फ्रेझर हलतो, नाकातोंडातून रक्त येतं. हा अर्धा अली असेल तर पूर्ण अली बघायला मला भीती वाटेल. रेक्ट यांचा अकरा-चार हा निकाल म्हणूनच मला पटत नाही. अलीला पहिले दोन, नववा, दहावा, चौदावा आणि मधला एखादा द्यावाच लागतो. आयडाला यांचा नऊ-सहा मला बरोबर वाटतो, आणि काका असते तर त्यांनी आठ-सातसाठी माझ्याशी रात्रभर भांडण केलं असतं.